केबलमध्ये शिरलेले पाणी

‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द आम्हा कारकून मंडळींच्या रोजच्या परिचयाचे. त्यांच्या पोटात काय काय मावते हे फायली चाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच बी-९२ या बेलग्रेडच्या रेडिओ केंद्राचा इतिहास वाचताना मी एका खुलाशापाशी थबकलो. ३ डिसेंबर १९९६ रोजी हे केंद्र बंद पडले. सरकारने कारण दिले, की प्रक्षेपकाच्या केबलमध्ये पाणी शिरले!

त्या दिवसांत सर्बियात स्थानिक निवडणुकांचे निकाल मिलोशेविच सरकारने रद्द केले होते, आणि बेलग्रेडमध्ये रोज मोर्चे निघत होते. त्यांची खरी बातमी देणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी बी-९२ हे एक. पाणी नेमके तिथेच शिरले.

या केंद्राचा जन्मही गमतीदार. मे १९८९ मध्ये, टिटोंच्या जन्मदिनी साजरा होणाऱ्या युवादिनाच्या निमित्ताने, तरुणांना थोड्या दिवसांपुरते प्रक्षेपण करू दिले गेले. तरुण एकदा माइकसमोर बसले ते उठलेच नाहीत. पुढे वेरान मातिच यांच्या संपादनाखाली रॉक संगीत आणि निर्भीड बातम्या हीच केंद्राची ओळख झाली.

संगीत आणि बातमी इथे वेगळी नव्हती, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. मार्च १९९१ मध्ये बेलग्रेडच्या रस्त्यांवर रणगाडे आले. बी-९२ला बातम्या देण्यास मनाई झाली, परवानगी फक्त गाण्यांची. मग केंद्राने ‘पब्लिक एनिमी’ या अमेरिकी गटाचे ‘फाइट द पॉवर’ लावले. निवेदकाने एक शब्दही न बोलता जे सांगायचे ते सांगून झाले. हुकूमही पाळला गेला!

पुढच्याच वर्षी, युगोस्लाव्हिया फुटत असताना, एकातेरिना वेलिका, एलेक्त्रिच्नी ओर्गाझम आणि पार्तीब्रेय्कर्स या नामवंत गटांतील कलावंत युद्धाविरुद्ध एकत्र आले. अक्षरांची उलटापालट करून एक शिवी लपवलेले ‘रिमतुतितुकी’ हे नाव त्यांनी घेतले. त्यांचे गाणे बी-९२ने काढले, आणि मार्च १९९२ मध्ये ट्रकवर उभे राहून वाजवत ते शहरभर फिरले. महिन्याभरात साराजेव्होचा वेढा सुरू झाला. गाण्याने युद्ध थांबले नाही. पण हे युद्ध आमच्या नावाने लढू नका, असे म्हणणारे सर्ब त्याच शहरात होते, याची ती नोंद आहे. दुसरीकडे चकचकीत टर्बो-फोकची चलती होती. त्याची सम्राज्ञी त्सेत्सा हिने १९९५ मध्ये निमलष्करी टोळीचा म्होरक्या आर्कान याच्याशी लग्न केले, यातच त्या काळाचे चित्र आले.

पुन्हा केबलकडे वळू. केंद्र बंद पडताच बी-९२ने आपला आवाज इंटरनेटवरून ॲमस्टरडॅमला धाडला. परदेशी नभोवाण्यांनी त्याच्या बातम्या उचलून पुन्हा सर्बियात ऐकवल्या. दोनच दिवसांत केबल ‘सुकली’. त्या हिवाळ्यात सरकारी टीव्हीच्या संध्याकाळच्या बातम्या लागल्या, की लोक खिडक्यांत येऊन भांडी बडवत. फेब्रुवारी १९९७ मध्ये सरकारला निकाल मान्य करावे लागले.

१९९९च्या नाटो बॉम्बहल्ल्यांत मात्र केंद्राला दोन्हीकडून मार बसला. २४ मार्चला हल्ले सुरू झाले, त्याच दिवशी मातिच यांना ताब्यात घेतले गेले. २ एप्रिलला पोलीस नवा संचालक घेऊनच आले. कागदोपत्री सगळे रीतसर! ऑगस्टमध्ये हीच मंडळी दुसऱ्या केंद्राच्या लहरीवरून ‘बी २-९२’ नावाने परतली. मे २००० मध्ये तेही हिरावले गेले, आणि ५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविच यांची सत्ता कोसळली.

शेवट मात्र गोड नाही. चार वेळा बंदी पचवलेले हे रेडिओ केंद्र पुढे व्यापारी मालकीत बदलत गेले, आणि २०१५ मध्ये त्याचे ‘प्ले रेडिओ’ झाले. या वेळी पोलीस आले नाहीत, केबलमध्ये पाणीही शिरले नाही. बंदी आली की लोकांना कळते, ते भांडी घेऊन खिडकीत येतात. मालकी बदलते तेव्हा गाणी चालूच असतात, त्यामुळे काय गेले ते कळायला वेळ लागतो. आपल्या कानांवर रोज जे पडते, त्यातले काय हळूच गळाले, याची नोंद कुठल्याच फायलीत सापडणार नाही. ती ज्याची त्यानेच ठेवायची असते.