रिकाम्या फातोर्ड्यातली जागा

तारीख २१ नोव्हेंबर २०२०, शनिवार. दिवाळी होऊन आठवडा झालाय. नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथारीवर तुम्ही उभे आहात आणि पायांखालची जमीन दिसत नाही, नुसती मिरची दिसते. लाल गालिचे पार बांधापर्यंत गेलेत. डोक्याला फडकं गुंडाळलेल्या बाया उकिडव्या बसून डागी मिरची वेगळी काढताहेत. वारा तुमच्या बाजूला वळतो आणि तुम्हाला ठसका लागतो.

चारपाच माना एकदम वळतात. एरवी या मोसमात नंदुरबारमध्ये ठसक्याची कुणी दखल घेत नाही, इथला हिवाळाच ठसक्याचा. पण हे २०२० आहे. तुम्ही हनुवटीवर घसरलेला मास्क वर ओढता. बायाही पदर नाकावर घेतात. तेव्हा कळतं, की तुम्ही खरोखरच मागे आला आहात.

संध्याकाळी ज्या घरी थांबता तिथला आठवीतला मुलगा टीव्हीसमोरून हलत नाही. शाळा मार्चपासून बंद. त्याची वर्षभराची दुनिया एक मोबाइल आणि हा टीव्ही. तो तुम्हाला सरकून जागा देतो. "दादा, आज मुंबईनी मॅच शे." त्याच्या तोंडी मुंबई म्हणजे मुंबई सिटी एफसी. इंडियन सुपर लीगचा सातवा हंगाम कालच सुरू झालाय. अकरा संघ, प्रत्येकाचे वीस साखळी सामने, आणि सगळेच्या सगळे गोव्यात: मडगावचं फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान, बांबोळीचं जीएमसी स्टेडियम. खेळाडू हॉटेल, बस आणि मैदान यांच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. प्रेक्षकाला प्रवेश नाही, एकालाही नाही.

पण तुम्ही तर नंतरच्या काळातून आलेले. तुम्हाला कोण अडवणार? त्या मुलाशेजारची सतरंजी सोडा आणि थेट वास्कोच्या टिळक मैदानातल्या पायऱ्यांवर जाऊन बसा.

पहिली जाणीव कानांना होते. टीव्हीवर आयुष्यात कधी न ऐकलेलं फुटबॉल इथे ऐकू येतं. बुटाचा चेंडूवर बसणारा टप्पा, गवतावर घसरत आलेल्या पायाचा खसकन आवाज, आणि गोलकीपर. गोलकीपर नव्वद मिनिटं बोलत असतो हे भरलेल्या मैदानात बसणाऱ्याला कधी कळतच नाही. कर्णधार अमरिंदर सिंग बचावपटूंना नावं घेऊन हाका मारतोय आणि त्याचा शब्द न् शब्द रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येतोय.

सामना मात्र वाईट जातो. मध्यंतराच्या आधी अहमद जहूला लाल कार्ड मिळतं, नंतर नॉर्थईस्ट युनायटेडचा क्वेसी अपिया पेनल्टी मारतो, आणि मुंबई ०-१ अशी हरते. परत सतरंजीवर येता तेव्हा मुलाने टीव्ही बंद केलेला असतो. त्याला सांगावंसं वाटतं, थांब रे, हा संघ पुढे काय करणार आहे ते मी बघून आलोय. पण तसं सांगणं बरोबर नाही. हंगामाची गोडी त्याला तिच्या वेळेलाच मिळू दे.

चार दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, फातोर्ड्यात सामना एफसी गोवाशी. या दोन क्लबांच्या भांडणाला मूळ आहे. मुंबईचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आदल्या मोसमापर्यंत गोव्याचे. त्यांच्यामागोमाग जहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस मुंबईत आले, आणि आपला मंदार राव देसाईही. गोव्याचा हा डावा बचावपटू याच हंगामात लीगमधला शंभरावा सामना खेळेल, आणि तो आकडा गाठणारा तो पहिला. २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, त्यामुळे पैसाही होता. पण नुसत्या पैशाने संघ असा खेळत नाही. लोबेरांचे खेळाडू स्वतःच्या गोलपासून चेंडू जमिनीवरून पुढे सरकवत नेतात. लांब भिरकावून देणं सोपं असतं तिथेही छोटा पास देतात, आणि मधल्या फळीत जहू उभ्या उभ्या, न धावता, साऱ्या मैदानाची दिशा बदलून टाकतो. नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर ॲडम ले फोन्ड्रे पेनल्टीवर गोल करतो. नंदुरबारात तो मुलगा उडी मारतो: "गोल व्हयना!" आतल्या खोलीतून आई दटावते.

इथून मुंबई बारा सामने हरत नाही. नऊ विजय, तीन बरोबऱ्या. डिसेंबर असाच सरतो.

११ जानेवारी, सोमवार. आज तुम्हाला मी धडगावला नेतो. नंदुरबारहून वर सातपुड्यात चढलात की रस्ता डोंगराच्या अंगाने वळत राहतो आणि मोबाइलवरच्या रेषा एकेक करून गळतात. संध्याकाळी एका टेकाडावर चारपाच पोरं एका फोनभोवती गोळा झालीत. याच टेकाडावर रेंज येते म्हणून दिवसा इथे ऑनलाइन शाळा भरते. आत्ता फोनवर मुंबई विरुद्ध एटीके मोहन बागान चालू आहे. चित्र मध्येच गोठतं. चेंडू हवेत अडकून राहतो आणि चित्र सुटतं तेव्हा भलतीकडेच असतो. दुसऱ्या अर्धात चित्र असंच गोठतं आणि सुटतं तेव्हा बार्थोलोम्यू ओगबेचे हात पसरून धावताना दिसतो. गोल कसा झाला ते कुणीच पाहिलेलं नाही. तरी पावरी बोलीत असा गलका होतो, की खालच्या पाड्यातली कुत्री भुंकू लागतात. १-०.

हा क्षण दाखवायलाच मी तुम्हाला इथवर आणलं. मुंबई सिटीचं घर अंधेरीत आहे, मुंबई फुटबॉल अरीनात. तिथल्या पोराला एरवी चालत जाऊन हा संघ बघता येतो. धडगावच्या पोराला डोंगर उतरून नंदुरबार, मग रात्रभराचा प्रवास, आणि मग तिकिटाचे पैसे, ते असले तर. पण त्या हिवाळ्यात अंधेरीच्या पोरालाही फोनच होता आणि धडगावच्या पोरालाही फोनच. मैदान दोघांना सारखंच लांब होतं. एवढ्या वाईट वर्षातून मला जपून ठेवावीशी वाटलेली ही एक गोष्ट आहे.

फेब्रुवारी जड जातो. महिन्याच्या सुरुवातीला नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये बर्ड फ्लू शिरतो आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागतात. अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं शेडमध्ये जाताना तुम्ही रस्त्यावरून बघता. नवापूरच्या माणसाला हे दृश्य ओळखीचं आहे. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथेच, फेब्रुवारी २००६ मध्ये. आणि फुटबॉलवाल्याला त्या तारखेशेजारी आणखी एक गोष्ट आठवते. तोच, २००५-०६ चा हंगाम होता, ज्यात मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. प्रशिक्षक डेरिक परेरा, पुढे बरेटो आणि युसिफ याकुबू, बाजूने मुंबईचाच स्टीवन डायस. तो क्लब २०१० मध्ये बंद झाला. त्या विजेतेपदानंतर मुंबईत अव्वल लीगची ट्रॉफी आलेली नाही. पंधरा वर्षांनी ती येऊ पाहतेय आणि नवापुरात पुन्हा खड्डे खणले जाताहेत. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण खानदेशातल्या माणसाला त्या एकत्रच आठवणार.

मुंबईचाही पाय घसरतो. ८ फेब्रुवारीला गोव्याशी ३-३. १५ ला बेंगळुरूकडून २-४, २० ला जमशेदपूरकडून ०-२. मुलगा आता टीव्ही बंद करत नाही, नुसता गप्प बसतो. २४ ला ओडिशा पेनल्टीवर पहिला गोल करतो तेव्हा तो उशी तोंडावर घेतो. मग मणिपूरचा बिपिन सिंग एकट्याने तीन गोल मारतो आणि मुंबई ६-१ ने जिंकते.

२८ फेब्रुवारी, रविवार, बांबोळी. साखळीतला शेवटचा सामना, समोर पुन्हा मोहन बागान. त्यांचे ४० गुण, मुंबईचे ३७. त्यांना बरोबरी पुरते, मुंबईला जिंकावंच लागणार. तुम्ही पायऱ्यांवर बसता. सातव्या मिनिटाला जहूच्या फ्रीकिकवर फॉलचं डोकं लागतं. एकोणचाळिसाव्या मिनिटाला ओगबेचे. २-०. दोघांचेही ४० गुण, पण आपसातले दोन्ही सामने मुंबईचे, म्हणून लीग शील्ड मुंबईची आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचं दारही मुंबईला उघडलं. बारा विजय, चार बरोबऱ्या, चार पराभव. खेळाडू मैदानभर नाचतात आणि त्यांच्या ओरडण्याला उत्तर द्यायला तिथे तुमच्याशिवाय कुणी नाही. टाळी वाजवा. ऐकू जाणार नाही, तरी वाजवा.

उपांत्य फेरीत पुन्हा गोवा. पहिला सामना २-२, दुसरा १२० मिनिटं खेळून ०-०. अगदी शेवटी, फक्त पेनल्ट्यांसाठी, लोबेरा गोलकीपर बदलतात. अमरिंदर बाहेर येतो आणि सिक्कीमचा फुर्बा लाचेन्पा आत जातो. थंड पायांनी, एका चेंडूलाही हात न लावता, असा उतरणारा माणूस काय विचार करत असेल? ६-५. विजयी पेनल्टी मारतो रॉलिन बोर्जेस, तो स्वतः गोव्याचा.

तीन दिवसांनी महाशिवरात्र, ११ मार्च. मग १३ मार्च, शनिवार, फातोर्डा. अंतिम सामना, समोर पुन्हा मोहन बागान.

आज मी तुम्हाला मैदानात पाठवत नाही. सतरंजीवरच बसा, त्या मुलाजवळ. अठराव्या मिनिटाला जहू आपल्याच गोलजवळ चेंडू गमावतो आणि डेव्हिड विल्यम्स गोल करतो. एकोणतिसाव्या मिनिटाला तोच जहू मधूनच लांब चेंडू टाकतो. तो अडवायला गेलेल्या बागानच्या तिरीचं डोकं लागून चेंडू त्याच्याच गोलात जातो. १-१. आणि मध्यंतराच्या जरा आधी मुंबईचा उजवा बचावपटू अमेय रानवडे, मुंबईतच वाढलेला बावीसतेवीस वर्षांचा पोरगा, हवेतल्या धडकेनंतर खाली पडतो आणि हलत नाही.

खेळाडू हात हलवून डॉक्टरांना बोलावतात. अँब्युलन्स मैदानात येते. मुलगा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतो. त्याची आई स्वयंपाक टाकून दारात येऊन उभी राहते. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण पडलेलं पोर कळतं. "काय व्हयनं त्याले?"

तुम्हाला माहीत आहे. अमेय शुद्धीवर येणार आहे, बरा होणार आहे, पुढे कितीतरी सामने खेळणार आहे. या खोलीत हे फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि महिन्याभराने, एप्रिलमध्ये, काय येणार तेही माहीत आहे: दुसरी लाट, खाटांसाठीची धावाधाव, देशभर ऑक्सिजनसाठी फुटलेला टाहो. या जिल्ह्याने तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या काळात आधीच ऑक्सिजन प्रकल्प उभे करून ठेवलेत आणि ते कामी येणार आहेत, तरी घराघरातली माणसं जाणारच आहेत. मागे गेलेल्या माणसाला हेही सोबत न्यावं लागतं. आईला एवढंच सांगा, की तो पोरगा बरा होईल. ती तुमच्याकडे बघते, मान हलवते आणि आत जाते.

नव्वदावं मिनिट. चेंडू मोहन बागानच्या गोलसमोर उडतो, गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य पुढे येतो, त्याला तो धरता येत नाही. ओगबेचे चेंडू दाबून ठेवतो, घाई करत नाही, आणि बिपिनकडे सरकवतो. बिपिन मारतो. २-१. एकाच मोसमात शील्ड आणि करंडक दोन्ही घेणारा हा पहिला क्लब. मुलगा अंगणात पळत सुटलाय. गल्लीत दुसरा आवाज नाही, बहुतेक घरांत आज काही जिंकलंय याचा पत्ताही नाही.

आता परत या.

ऑक्टोबर २०२२ पासून अंधेरीचं मैदान पुन्हा प्रेक्षकांना उघडलं आणि धडगावचं अंतर पूर्वीइतकं झालं. करंडक जिंकलेल्या त्या संघात मणिपूरचा बिपिन होता, सिक्कीमचा फुर्बा होता. डोंगराळ मुलखांनी मुंबईला ट्रॉफी दिली. सातपुडाही डोंगरच आहे, आणि तो महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या क्लबांना आणि राज्याच्या फुटबॉल संघटनेला माझी विनंती आहे: निवड चाचणी एकदा मुंबई-पुण्याबाहेर, नंदुरबारला ठेवा. पथारीवरची मिरची उचलली, की मार्चमध्ये मोकळ्या जागेची इथे कमी नसते. आणि तुम्ही, वाचणारे, नंदुरबारचे असाल तर चाचणीची वाट बघू नका. यंदा एक चेंडू विकत घ्या आणि वर धडगावला त्या टेकाडावर नेऊन द्या.