दलालांची यादी आणि अभिजाततेचा प्रश्न

फ्रेंच तांबड्या वाइनच्या वाटेला नव्याने जाणाऱ्या माणसाला पहिली अडचण येते ती वाचनाची. नाशिककडच्या बाटलीवर त्याने कॅबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ अशी द्राक्षांच्या जातींची नावे पाहिलेली असतात. बोर्दोजवळच्या पोयाक गावची एखादी नामांकित बाटली समोर आली की तिच्यावर वाड्याचे चित्र, मळ्याचे नाव, गावाचे नाव आणि पिकाचे वर्ष दिसते; द्राक्षाची जात बहुधा कोठेच नसते. शिवाय एक ओळ असते : 'ग्राँ क्र्यू क्लासे आँ १८५५'. 'सन १८५५ मध्ये श्रेणी लाभलेला थोर मळा' असा तिचा ढोबळ अर्थ. नवशिका येथे थबकतो. बाटलीतले पीक अलीकडचे असताना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा निकाल तिच्यावर कशासाठी? तो कोणी दिला? त्यानंतर पुन्हा परीक्षा झालीच नाही काय?

या प्रश्नांचा माग काढणारा दुकानातून निघतो आणि व्यापाराच्या इतिहासात जाऊन पोहोचतो. तेथून तो आणखी एका जागी येतो, आणि ती जागा आपल्या परिचयाची आहे. अभ्यासमंडळाच्या बैठकीत कोणती पुस्तके ठेवायची आणि कोणती गाळायची, हे ठरवताना जो पेच पडतो, तोच या ओळीत दडलेला आहे. म्हणून तिचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही वाचण्यासारखा आहे.

बोर्दो हे गारोन नदीकाठचे बंदर. ११५२ मध्ये आकितेन प्रांताची वारसदार एलेनोर हिने हेन्री प्लँटॅजेनेटशी विवाह केला. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि हा प्रदेश इंग्लिश राजसत्तेशी जोडला गेला. १४५३ मधील कास्तियाँच्या लढाईपर्यंत, म्हणजे तब्बल तीन शतके, हा संबंध टिकला. इंग्लंडला बोर्दोच्या वाइनची चटक लागली ती या काळात, आणि राज्य गेले तरी चटक गेली नाही. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी मेदोक या पट्ट्यातील दलदलींचे पाणी काढून दिले. आज बोर्दोच्या बहुतेक विख्यात मळ्यांसाठी ओळखला जाणारा हा खडेगोट्यांचा भूभाग तेव्हापासून द्राक्षांसाठी खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

याच शतकात एक महत्त्वाचा बदल घडला. तोवर वाइन प्रदेशाच्या नावाने विकली जाई. १६६३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका मद्यगृहात बसून सॅम्युएल पेपीजने आपल्या रोजनिशीत एका विशिष्ट फ्रेंच वाइनची नोंद केली. तिचे नाव त्याने कानाला ऐकू आले तसे, वेडेवाकडे लिहिले. पण ते 'ओ-ब्रियाँ' या एका मळ्याचे नाव होते. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत आणखी तीन नावे तिच्या पंगतीला बसली : लाफीत, मार्गो आणि लातूर. या शेवटच्या नावाने मराठी वाचक क्षणभर चमकेल, पण आपल्या मराठवाड्यातील लातूरशी त्याचा काही संबंध नाही; फ्रेंच 'ला तूर' म्हणजे बुरूज. १७८७ मध्ये अमेरिकेचा फ्रान्समधील राजदूत टॉमस जेफरसन बोर्दोला आला, तेव्हा त्यानेही हेच चार मळे पहिल्या दर्जाचे म्हणून टिपून ठेवले. अधिकृत यादी व्हायला अजून अडुसष्ट वर्षे होती; बाजाराच्या मनात मात्र तिचा वरचा भाग पक्का झाला होता.

बाजाराचे मन म्हणजे काय, हे समजण्यासाठी वाइनचा व्यवहार कसा चाले ते पाहिले पाहिजे. मेदोकच्या वाइनमध्ये कॅबर्ने सोव्हिन्याँचे वर्चस्व असते. या द्राक्षाची साल जाड आणि फळ लहान. साल व बिया यांतून उतरणारे टॅनिन कोवळ्या वाइनला हिरड्या आवळणारा तुरटपणा देते. ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात आणि नंतर बाटलीत वर्षानुवर्षे राहून तो तुरटपणा निवळतो, गंध उलगडतो. परंतु व्यापारी माल उचलत असे तो ती कोवळी असताना, पिंपांनी. मुरवणे आणि बाटल्या भरणे हे काम बहुधा बोर्दोच्या शार्त्राँ धक्क्यावरील त्याच्या वखारीत होई. म्हणजे आज तोंड वाकडे करायला लावणारा रस दहा वर्षांनी काय होईल, याच्या अंदाजावर पैसे मोजायचे. अशा व्यवहारात जिभेपेक्षा स्मृती अधिक उपयोगी पडते. या मळ्याने आजवर काय दिले, त्याला कोणत्या साली काय भाव मिळाला, हे ज्याच्या दप्तरात लिहिलेले, त्याचा शब्द चाले. मळेवाला आणि व्यापारी यांच्यामधला हा माणूस म्हणजे दलाल. १७४० मध्ये बोर्दोत दलाली सुरू करणाऱ्या लॉटन घराण्याची दप्तरे प्रसिद्ध आहेत. त्याच घराण्यातल्या गीयोम लॉटनने १८१५ मध्येच मळ्यांची एक प्रतवारी लिहून ठेवली होती.

आता १८५५. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरायचे होते. तेथे बोर्दोची वाइन मांडायची, तर सोबत एक तक्ता हवा, म्हणून बोर्दोच्या व्यापारी मंडळाने ५ एप्रिलला दलालांच्या संघटनेकडे उत्तम तांबड्या वाइनच्या मळ्यांची श्रेणीवार यादी मागितली. १८ एप्रिलला यादी हजर झाली. अवघे तेरा दिवस! त्यासाठी कोणी नव्याने चाखण्या घेतल्या नाहीत, मळे फिरून माती तपासली नाही. दलालांनी आपली दप्तरे उघडली आणि अनेक वर्षांच्या भावांवरून पाच श्रेण्या लावल्या. पहिल्या श्रेणीच्या एका 'तोनो'ला, म्हणजे चार पिंपांना, सुमारे ३००० फ्रँक मिळत. पाचवीला त्याच्या निम्म्याच्या आसपास. सुमारे साठ मळ्यांची ही यादी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नावाआधी आज अपरिहार्य वाटणारा 'शातो' हा शब्दही नव्हता. गोड पांढऱ्या वाइनची यादी वेगळी केली गेली.

यादीसोबतच्या पत्रात दलालांनी एक सावध सूर लावला होता : हा नाजूक विषय आहे, त्यावर वाद होणार, आम्ही अधिकृत प्रतवारी ठरवू पाहत नाही, उत्तम आधारांवरून एक आराखडा तेवढा देत आहोत. साहित्याच्या इतिहासात संपादकांच्या प्रस्तावना जशा विसरल्या जातात आणि संचय तेवढा उरतो, तसेच येथे झाले. पत्र विस्मरणात गेले. आराखडा शिलालेख झाला.

या शिलालेखात कोण नव्हते, हेही पाहण्यासारखे आहे. ओ-ब्रियाँ हा ग्राव्ह भागातला एकमेव अपवाद सोडला, तर यादीतील सारे तांबडे मळे मेदोकचे. दोर्दोन्य नदीपलीकडचे सेंत-एमिलियाँ आणि पोमेरोल यांचे नावही नाही. त्या भागाचा व्यापार मुख्यत्वे लिबूर्न गावातून चाले. बोर्दोच्या दलालांच्या दप्तरात त्याला जागा नव्हती. पोमेरोलमधील पेत्र्यूस ही आज जगातील अत्यंत महाग वाइनपैकी एक आहे. तिला कोणतीच श्रेणी नाही, कारण पोमेरोलची अधिकृत प्रतवारी आजतागायत झालेली नाही. यादीतून गळणे हा दर वेळी गुणांचा निकाल नसतो. कधी तो केवळ वाटेचा आणि पत्त्याचा परिणाम असतो.

पुढे यादी तीच राहिली, बाकी सारे बदलले. यादी झाली तेव्हाच वेलींवर भुरी रोगाचे संकट होते. त्यानंतर दोन दशकांच्या आत फायलोक्सेरा हा मुळे खाणारा कीटक अमेरिकेतून येऊन पसरला. उपाय सापडला तोही अमेरिकेत : तिकडच्या प्रतिकारक्षम खुंटावर फ्रेंच वेलींची कलमे बांधणे. आज मेदोकची बहुतेक द्राक्षे अमेरिकी मुळांवर उभी आहेत. द्राक्षांच्या जातींचे प्रमाण बदलले, मालक बदलले, वाटण्या झाल्या. जमिनीच्या सीमाही बदलल्या, आणि यादीने त्यास हरकत घेतली नाही. बर्गंडीत श्रेणी जमिनीच्या तुकड्याला असते. मेदोकमध्ये ती मळ्याच्या नावाला आहे. श्रेणीप्राप्त मळ्याने त्याच गावात शेजाऱ्याची जमीन घेतली, तर तिचे द्राक्षही त्या श्रेणीत येऊ शकते. वेल, मूळ, जमीन आणि माणूस हे सारे बदलूनही जे टिकले, ते फक्त नाव.

यादीत मोठी फेरफार अशी एकदाच झाली. त्याच १८५५ मध्ये कांतमेर्ल हे नाव पाचव्या श्रेणीच्या तळाशी मागाहून जोडले गेले, ती दुरुस्ती किरकोळ म्हणावी लागेल. खरा बदल १९७३ चा. मुटाँ हा मळा रोथशिल्ड घराण्याने १८५३ मध्ये विकत घेतला होता. दोन वर्षांनी तो दुसऱ्या श्रेणीच्या अग्रभागी बसवला गेला. १९२२ मध्ये विशीतल्या फिलीप द रोथशिल्डने कारभार हाती घेतला. १९२४ पासून त्याने सगळी वाइन मळ्यावरच बाटलीत भरायला सुरुवात केली, म्हणजे मुरवण्याची आणि नावाची जबाबदारी व्यापाऱ्याकडून स्वतःकडे घेतली. १९४५ पासून दर वर्षीची चिठ्ठी नव्या चित्रकाराकडून करून घेण्याची प्रथा पाडली. पन्नास वर्षांच्या खटाटोपानंतर १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीने मुटाँ पहिल्या श्रेणीत आला. त्या वर्षीच्या बाटलीवर नुकत्याच दिवंगत झालेल्या पिकासोचे चित्र आहे. मुटाँला हे भाग्य लाभले; पाल्मेर तिसऱ्या आणि लांश-बाज पाचव्या श्रेणीतच राहिले, जरी बाजार त्यांना कित्येक वर्षे वरच्या श्रेणीचे दाम देत आला आहे. भावावरून बनलेल्या यादीला भावानेच खोटे पाडावे, ही तिची गंमत आहे.

येथे 'क्लासे' या शब्दापाशी थोडे थांबू. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक आउलुस गेल्लियुस याने अनुकरणीय ग्रंथकाराला 'क्लासिकुस' हे विशेषण लावले आणि त्याच्या विरोधात 'प्रोलेतारियुस' हा शब्द ठेवला. हे दोन्ही शब्द साहित्यातले नव्हतेच. रोममध्ये मालमत्तेनुसार नागरिकांचे वर्ग पाडले जात. सर्वांत वरच्या वर्गातले ते 'क्लासिकी', आणि ज्यांच्याजवळ संततीखेरीज राज्याला देण्यासारखे काही नाही ते 'प्रोलेतारी'. म्हणजे 'क्लासिक' ही साहित्यसंज्ञा मालमत्तेच्या खतावणीतून उसनी घेतलेली आहे. फ्रेंच समीक्षक सेंत-बव्ह याने १८५० च्या ऑक्टोबरात 'क्लासिक म्हणजे काय' या नावाचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा गेल्लियुसचा हा दाखला दिला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी बोर्दोच्या दलालांनी भावांच्या वहीवरून वाइनचे वर्ग लावले. शब्द जणू आपल्या माहेरी परतला.

आपण त्यासाठी 'अभिजात' म्हणतो. त्यात मालमत्तेऐवजी जन्म आहे, कुलीनता आहे. पण अधिकार मूल्यमापनापूर्वीच बहाल झालेला असतो, ही गोष्ट सारखीच.

तर मग अशा याद्या मोडीत काढाव्यात काय? नवशिक्याला मोह होतो. १९७६ च्या मे महिन्यात स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये नावे झाकून चाखणी घडवली. फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या एका तांबड्या वाइनला मुटाँ आणि ओ-ब्रियाँच्याही वर गुण दिले. नाव झाकले की निकाल हलतो, हे त्या दिवशी जगाला दिसले. पण याद्या नियमित बदलाव्यात हा उपायही सोपा नाही. सेंत-एमिलियाँने १९५५ मध्ये आपली प्रतवारी केली आणि साधारण दहा वर्षांनी ती नव्याने करण्याचा नियम घातला. २००६ ची प्रतवारी न्यायालयात रद्द झाली, २०१२ चीही खटल्यांत अडकली, आणि २०२२ च्या प्रतवारीआधी ओझोन, शव्हाल ब्लां व आंजेल्यूस हे सर्वोच्च श्रेणीतले मळेच तिच्यातून बाहेर पडले. न बदलणारी यादी कालबाह्य होते. बदलणारी यादी भांडणात सापडते.

१८५५ च्या दलालांना दूषण देणेही न्याय्य नाही. शंभर वर्षांचे भाव म्हणजे अनेक पिढ्यांच्या जिभांची साठलेली साक्ष, आणि त्यांनी निवडलेले पहिले चार मळे आजही सामान्य ठरलेले नाहीत. अर्थात, पहिली श्रेणी मिळाल्याने जास्त भाव मिळाला, त्या पैशातून उत्तम पिंपे आणि कडक निवड परवडली, आणि त्यातून श्रेणी सार्थ ठरत गेली, हेही खरे. पाठ्यपुस्तकात गेलेली कविता पिढ्यान् पिढ्या शिकवली जाते, तिच्यावर टीकाग्रंथ निघतात, आणि मग त्या ग्रंथांच्या आधारे ती पुन्हा पाठ्यपुस्तकात जाते. गुण आणि मान यांचे धागे एकमेकांत इतके विणले जातात की नंतर ते सोडवून दाखवता येत नाहीत.

या दृष्टीने बाटलीवरच्या त्या ओळीकडे पुन्हा पाहावे. तिच्यातला 'ग्राँ' हा शब्द मोठेपणा सांगतो आणि विक्रीच्या कामी येतो. अधिक प्रामाणिक आहे तो शेवटचा आकडा : आँ १८५५. हा निकाल अमुक साली, अमुक प्रसंगी दिला गेला, एवढे तो उघडपणे सांगतो. पुढची चौकशी वाचणाऱ्याने करायची. आपल्या साहित्येतिहासांतील थोर-थोरतरांच्या याद्यांपुढे असा आकडा छापलेला नसतो. विद्यार्थ्याला अभिजात म्हणून एखादी कृती हाती देताना, ही श्रेणी तिला कोणी, केव्हा आणि कोणत्या वहीवरून दिली, एवढे सांगितले, तर कृतीची गोडी कमी होणार नाही. ती स्वतः चाखून पाहण्याचे कारण मात्र त्याला मिळेल.