शर्यतीतले फिरते बिनतारी केंद्र

घरात बसून बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हौशी मंडळींना घराबाहेर कसे काढायचे? १९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकन रेडिओ रिले लीग या संघटनेपुढे हा प्रश्न होता. पूर आला, वादळ झाले की वीज जाते, तारेचे खांब पडतात आणि नेमके तेव्हाच घरातले उत्तम केंद्र मुके होते. केंद्र उचलून माळावर नेता यावे, विजेविना चालावे, हे हवे होते. पण हौशी माणूस पगारी नोकर नसतो. त्याला हुकूम कोण देणार? म्हणून संघटनेचे एफ. ई. हँडी यांनी खेळ काढला. जून १९३३ मध्ये पहिला 'फील्ड डे' झाला. केंद्र घराबाहेर न्यायचे आणि ठरल्या वेळात जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा. संघटना आजही म्हणते की ही स्पर्धा नव्हे. गुण मात्र काटेकोर मोजले जातात!

खरी गंमत या गुणांत आहे. तोंडी संपर्काला एक गुण, मोर्सच्या कडकट्टला दोन. ५ वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर, बॅटरीसारख्या साधनाने केंद्र चालवले तर गुणांची पाचपट. १०० वॅटपर्यंत दुप्पट. म्हणजे आणीबाणीत जे जवळ असेल त्यावर भागवायची सवय गुणांच्या लोभाने लागते. उपदेशापेक्षा हा मार्ग आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो.

या खेळात चालत्या गाडीतल्या केंद्रांचा वेगळा वर्ग आहे आणि त्यांची अडचणही वेगळी. माळावर झाडाला लांब तार बांधता येते, गाडीला ती सोय नाही. आपण हिशेब करून पाहू. ८० मीटर लांबीच्या लहरीसाठी उभ्या एरियलची सोयीची उंची पाव लहर, म्हणजे २० मीटर. गाडीवर मावते जेमतेम अडीच मीटरची सळई. उणीव भरून काढायला तिच्यात तारेचे वेटोळे घालतात. त्यामुळे एरियल त्या लहरीशी जुळते, पण त्याची उंची काही वाढत नाही. बहुतेक ऊर्जा वेटोळ्यात आणि गाडीखालच्या जमिनीत उष्णता होऊन जाते. प्रेषकाने १०० वॅट दिले तर आकाशात स्थूलमानाने दोन-तीन वॅटच पोहोचतात. तीच सळई २० मीटरच्या लहरीसाठी वापरली, तर पाव लहर पाच मीटरचीच. सळई तिच्या निम्मी भरते आणि सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा बाहेर पडते. मग सगळे २० मीटरवरच का राहत नाहीत? कारण रात्री आयनांबर विरळ होते आणि या लहरी बहुधा परत येत नाहीत. अंधार पडला की गाडीवाल्याला लांब लहरींकडे, म्हणजे ज्यांच्यासाठी त्याचे एरियल सर्वांत वाईट त्यांच्याकडेच वळावे लागते.

ऐकण्याची बाजूही सोपी नाही. १८८७ साली हर्ट्झने ठिणग्या पाडून विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. पेट्रोल इंजिनातला स्पार्क प्लग तेच काम मिनिटाला शेकडो वेळा करतो! दुबळा संदेश या खरखरीत बुडतो. त्यावर उपाय म्हणून प्लगच्या तारांत रोधक घालतात, बॉनेट आणि सांगाडा जाड तारेने एकमेकांना जोडतात. मिडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर चालू स्कूटरजवळ नेऊन ही खरखर मुलांना ऐकवता येईल.

एवढे असून लोक गाडी का काढतात? अमेरिकेतल्या राज्यांच्या 'क्यूएसओ पार्टी' नावाच्या स्पर्धांत त्याचे उत्तर मिळते. क्यूएसओ म्हणजे संपर्क. तिथे वेगवेगळे जिल्हे गाठण्याला महत्त्व असते. एकट्या कॅलिफोर्नियात ५८ जिल्हे आहेत. काही जिल्ह्यांत एकही हौशी केंद्र चालू नसते. तिथे गाडी शिरली की एरवी कोणी ढुंकून न पाहिलेल्या तिच्या क्षीण संदेशासाठी झुंबड उडते. काही चतुर मंडळी दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरच गाडी उभी करतात.

हा खेळ संकटात खरोखर उपयोगी पडतो का? जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला महापूर आला, तेव्हा हौशी केंद्रांनी निरोप पोहोचवले. जवळचे उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला केंद्र घेऊन गेले होते. ती शर्यत नव्हती, पण हौस तीच. अंदमानहून संपर्क मिळणे दुर्मिळ, म्हणून जगभरचे हौशी त्यांना साद घालत होते. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली. बेटांचा इतर संपर्क तुटला आणि संपर्कांची मोजदाद करणारे ते केंद्र नातेवाइकांच्या खुशालीचे निरोप पाठवू लागले. पुढे त्यांच्यापैकी काही जण सामान घेऊन कार निकोबारला गेले आणि तिथेही केंद्र उभारले.