चिपवरचा शिक्का आणि चिपचा वेग

वर्गातील दहा मुलांना एका रांगेत उभे करा. पहिल्याच्या कानात एक संख्या सांगा. प्रत्येकाने ऐकलेल्या संख्येत ७ मिळवायचे आणि पुढची टाळी वाजली की उत्तर शेजाऱ्याच्या कानात सांगायचे, एवढाच नियम. टाळ्या सावकाश असतील तोवर शेवटच्या मुलाकडून ७० ने वाढलेली संख्या बरोबर मिळते. आता टाळ्यांचा वेग हळूहळू वाढवत न्या. एका टप्प्यावर उत्तर चुकते. कोठे चुकले हे शोधले तर असे दिसते की बहुतेकांना अजून वेळ पुरत होता, एखाद्यालाच तो पुरला नाही. रांगेचा वेग तिच्यातील सर्वांत सावकाश बेरीज करणाऱ्यावर ठरतो.

संगणकाच्या चिपमध्ये नेमके हेच चालते. तिच्यात टाळ्या वाजवणारे एक घड्याळ असते. त्याची वारंवारता २५० मेगाहर्ट्झ असेल तर सेकंदाला २५ कोटी ठोके पडतात आणि दोन ठोक्यांमध्ये ४ नॅनोसेकंदांचा अवधी मिळतो. तेवढ्या अवधीत विद्युत संकेताला ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पलीकडे पोहोचायचे असते. सर्वांत लांब वाटेचा संकेत वेळेत पोहोचला नाही तर चिप चुकीचा अंक उचलते. हे घड्याळ कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

पण कारखान्याने वेग ठरवून दिल्यावर तो वाढवायला जागा उरतेच कशी? हे समजण्यासाठी चिपच्या जन्माकडे पाहावे लागेल. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकाच आराखड्यानुसार कोरल्या जातात. आराखडा एक असला तरी साऱ्या चिपा तंतोतंत सारख्या निघत नाहीत. थरांची जाडी आणि रेषांची रुंदी यांत किंचित फरक पडतो, त्यामुळे काही चिपा चपळ निघतात तर काही मंद. मग प्रत्येकीची चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी करतात, जशी बाजारात आंब्यांची करतात. शिक्का मारताना कारखाना हात राखून वेग लिहितो. कडक उन्हाळा, धुळीने भरलेला पंखा, किंचित कमी पडलेला विद्युतदाब आणि काही वर्षांचा वापर, एवढे सोसूनही चिप चुकणार नाही, असा तो वेग असतो.

दुसरे कारण बाजाराचे आहे. उत्पादन स्थिरावले की चपळ चिपांचे प्रमाण वाढते. महाग वस्तूचे गिऱ्हाईक मात्र थोडेच असते. अशा वेळी उत्तम चिपांवरही हलक्या दर्जाचा शिक्का मारून त्या स्वस्तात विकल्या जातात. शिक्का खरा असतो, पण अपुरा. चिप किमान किती करील याचे ते वचन असते. ती कमाल किती करू शकेल हे त्यावरून कळत नाही.

ही शिल्लक जागा लोकांनी फार पूर्वीच हेरली होती. १९८४ साली आलेला आयबीएमचा पीसी एटी हा संगणक ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्यातला प्रोसेसर क्वार्ट्झ स्फटिकाच्या वारंवारतेला दोनाने भागून आपला ठोका ठरवी. म्हणून हौशी मंडळींनी १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून १६ चा बसवला आणि ८ मेगाहर्ट्झचा संगणक मिळवला. पुढे आयबीएमने यंत्र सुरू होतानाच वेग तपासण्याची सोय केली आणि ही वाट अडवली. १९८६ मध्ये ८ मेगाहर्ट्झचे यंत्र कंपनीने स्वतःच बाजारात आणले.

याहून गाजलेला प्रसंग १९९८ चा. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. सेलेरॉन ३००ए ची किंमत १४९ डॉलर होती, तर ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ ची ६६९ डॉलर. सेलेरॉनचा वेग म्हणजे ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याची साडेचार पट. साडेचारचा आकडा बदलता येत नव्हता, पण मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ करता येत होता. तसे केले की स्वस्त सेलेरॉन थेट ४५० वर धावे, आणि पुष्कळ सेलेरॉन तसे धावलेही. त्याची जलद स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे पेंटियमच्या चौथा हिस्सा. पण ती मुख्य चिपवरच असल्याने पूर्ण वेगाने चाले. पेंटियमची ५१२ किलोबाइटची स्मृती चिपबाहेर असून निम्म्या वेगाने चाले. त्यामुळे अनेक कामांत दोघांत फरक करणे कठीण झाले.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हाच खेळ २००२ साली रंगला. एनव्हिडियाच्या जीफोर्स ४ टीआय मालिकेत तीन कार्डे होती: ४२००, ४४०० आणि ४६००. तिन्हींवर चिप एकच होती, सुमारे ६ कोटी ३० लाख ट्रान्झिस्टरांची. फक्त तिचे ठोके अनुक्रमे २५०, २७५ आणि ३०० मेगाहर्ट्झ होते. अमेरिकेत ४६०० सुमारे ४०० डॉलरना मिळे आणि ४२०० त्याच्या निम्म्या किंमतीला. इथे स्फटिक बदलण्याचीही गरज नव्हती. रिव्हाट्यूनरसारख्या छोट्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावरची पट्टी माउसने उजवीकडे सरकवली की काम होई. बऱ्याच ४२०० कार्डांची चिप ३०० च्या आसपास पोहोचली. निम्म्या पैशांत सर्वांत वरचे कार्ड हाती आले, असे लोकांना वाटले.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. चित्र रंगवणाऱ्या चिपला सतत स्मृतीतून माहिती आणावी लागते, आणि स्मृतीच्या चिपा वेगळ्या असतात. ४६०० वर २.८ नॅनोसेकंद दर्जाच्या स्मृतिचिपा होत्या. म्हणजे त्यांना सुमारे ३५७ मेगाहर्ट्झपर्यंत वाव होता आणि त्या ३२५ वर चालवल्या जात. स्वस्त कार्डावरची स्मृती कमी दर्जाची असे. ६४ मेगाबाइटच्या ४२०० वर ती २५० मेगाहर्ट्झवर चाले. स्मृती प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते आणि दर वेळी १६ बाइट देते. त्यामुळे ४२०० ला सेकंदाला ८ अब्ज बाइट मिळत, तर ४६०० ला १०.४ अब्ज. मुख्य चिप एक असली तरी तिला रसद पुरवणारी स्मृती एक नव्हती. म्हणून मधल्या ४४०० शी बरोबरी करणे बऱ्याच कार्डांना जमे, ४६०० शी पुरती बरोबरी करणे मात्र सर्वांच्या आवाक्यात नव्हते.

वाढवलेल्या वेगाची किंमतही मोजावी लागते. चिपच्या ठोक्यांमागे खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी विद्युतदाब १० टक्के चढवला, तर ही शक्ती १.२ × १.१ × १.१, म्हणजे जवळजवळ १.४५ पट होते. वाढलेली ४५ टक्के शक्ती उष्णता बनून बाहेर पडते. शिवाय तापलेल्या तारेतून दाट प्रवाह सतत वाहिला तर धातूचे अणू हळूहळू सरकतात आणि अखेर तार तुटते. तारेचे आयुष्य प्रवाहाची घनता आणि तापमान यांवर कसे अवलंबून असते, हे जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये समीकरणात मांडले.

तरीही सर्वांत मोठा धोका तार तुटण्याचा नाही. चिप जळली तर निदान कळते तरी. न कळणारी चूक अधिक घातक.

खेळात एखाद्या ठिपक्याचा रंग चुकला तर तो सेकंदाच्या साठाव्या भागापुरता दिसतो आणि पुसला जातो. २००७ पासून मात्र कुडा या प्रणालीमुळे हीच कार्डे शास्त्रीय आकडेमोडीसाठी सर्रास वापरली जाऊ लागली. आमच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याने वेळ वाचावा म्हणून कार्डाचा वेग थोडा वाढवला. यंत्र बंद पडले नाही की कुठे कुरकुरले नाही. दोन आलेख जुळेनात तेव्हा आम्ही एकच गणित दहा वेळा करून पाहिले. मूळ वेगावर दहाही वेळा शेवटच्या अंकापर्यंत एकच उत्तर आले. वाढवलेल्या वेगावर दोनदा वेगळे आले. त्या कार्डावर झालेले तीन आठवड्यांचे काम आम्हांला टाकून द्यावे लागले.

मात्र सगळा दोष ओव्हरक्लॉकिंगच्या माथी मारणेही योग्य नव्हे. २०१० साली इम्रान हक आणि विजय पांडे यांनी फोल्डिंग ॲट होम या प्रकल्पात सामील असलेल्या २० हजारांहून अधिक संगणकांवर ग्राफिक्स कार्डांची स्मृती तपासली. तपासलेल्या कार्डांपैकी दोन तृतीयांश कार्डांत स्मृतीच्या चुका आढळल्या. वाढवलेला वेग हिशेबात धरल्यावरही त्या उरल्या. त्याच सुमारास आलेल्या एनव्हिडियाच्या टेस्ला कार्डांत स्मृतीतील चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय करण्यात आली.

आज ही शिल्लक जागा बरीचशी कारखान्यानेच वापरून टाकली आहे. इंटेलने २००८ मध्ये आणि एनव्हिडियाने २०१२ मध्ये अशा चिपा आणल्या, की ज्या आपला शक्तिव्यय आणि तापमान पाहून स्वतःच वेग वाढवतात. त्यामुळे पट्टी सरकवून मिळणारा फायदा पूर्वीइतका उरलेला नाही.

आता पुन्हा वर्गातल्या रांगेकडे वळू. त्या प्रयोगात चूक लगेच पकडली गेली, कारण उत्तर ७० ने वाढायला हवे हे आपल्याला आधीच ठाऊक होते. प्रयोग दुसऱ्यांदा करताना पहिल्या मुलाला सांगितलेली संख्या वर्गापासून लपवून ठेवा, टाळ्या भरभर वाजवा आणि मुलांना विचारा, आलेले उत्तर बरोबर आहे हे कसे ठरवाल? कोणी म्हणेल पुन्हा करून पाहू. कोणी म्हणेल सावकाश टाळ्यांवर करू आणि ताडून पाहू. कोणी दुसरी रांग उभी करायला सांगेल. आम्हांला त्या तीन आठवड्यांनंतर जे सुचले, तेच ही मुले एका तासात सांगतील. शिक्क्यापलीकडचा वेग वापरायला हरकत नाही. मात्र त्या वेगाला कारखान्याचे वचन लागू नसते, आणि ताळा घेण्याचे काम आपल्याकडे येते.