चावडीवर वाचलेला सातबारा

आजचा भाग वसईच्या जुन्या दप्तरांवर. बोअर वाटतंय? दोन मिनिटं थांबा, विषय तुमच्या घरच्या जमिनीचा आहे.

माझा एक मित्र वसईतल्या एका गावचा. आजोबा गेले, वारस नोंद करायची होती. मोबाईलवर नावाने सातबारा शोधला, तर आजोबाच सापडेनात! शेवटी गट नंबर टाकला. जमीन तीच, पण घरी आडनाव ‘घोन्साल्विस’ आणि उताऱ्यावर ‘गोन्सालवीस’. माणसाला कळतं की दोघे एकच. सर्चला नाही कळत.

हे झालं कसं? जरा मागे जाऊ. 1534 पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. 1554 मध्ये त्यांच्या सिमाँव बोतेल्यो या अधिकाऱ्याने महसुलाची मोठी नोंदवही केली, तिला ‘तोंबो’ म्हणतात. वसईचं उत्पन्नही त्यात आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, मग कारभार मोडीत. पुढे इंग्रजांची महसूल पद्धत आली, मोडी जाऊन देवनागरी आली, शेवटी कीबोर्ड. दर वेळी कोणीतरी कारकून कानाला आलं तसं नाव उतरवत गेला. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, 2014 मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. उताऱ्यावरचा जिल्हा बदलला, नावातली चूक तशीच राहिली.

सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12. सातवर मालकी हक्क, बारावर पिकं. हे सगळं हस्तलिखितावरून संगणकात गेलं तेव्हा ताडून बघायचं कोणी? तलाठ्याने. तलाठी एक, सज्जात गावं अनेक, आणि रोजचं काम काही थांबत नाही.

मग 2017 मध्ये राज्यभर एक साधी गोष्ट झाली: चावडी वाचन. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, लोकांनी चुका सांगायच्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टेस्टिंग म्हणतो, ते हेच की! यासाठी सर्व्हर लागत नाही, टेंडर लागत नाही. ‘अहो, ही माझी आत्या, हिचं नाव राहिलं’ हे सांगणारं माणूस फक्त गावातच मिळतं.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. पण सही म्हणजे उतारा अधिकृत आहे, इतकंच. आतलं नाव बरोबर आहे की नाही, ते सही बघत नाही. चुकीच्या नावावरही ती तितकीच छान उमटते.

तर आज एक काम करा. घरचा सातबारा उघडा, आजी-आजोबांजवळ बसा आणि मोठ्याने वाचा. लेखनाची चूक निघाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण ते नाव मुळात कसं होतं, हे सांगणारी माणसं आहेत तोवरच वाचून घ्या.

भेटू पुढच्या भागात!