लळिंगच्या कुरणांतील लांडोर बंगला

धुळ्याच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्यालगत लळिंगचा किल्ला उभा आहे. फारुकी घराण्याचा नसीरखान बहमनी सैन्याकडून पराभूत होऊन याच गडाच्या आश्रयास आला व १४३७ सालीं येथेंच वारला, हें वाचकांस विदित आहेच. परंतु गडाशेजारच्या कुरणांत लांडोर बंगला नांवाची जी इंग्रजी अमदानींतील वास्तु आहे, तिचा इतिहास आम्हांस गडाच्या इतिहासाहून कमी मोलाचा वाटत नाहीं.

अशा विश्रामबंगल्यांचा हेतु मर्यादित असे. फिरतीवरील सरकारी अंमलदारांची उतरण्याची सोय व्हावी, एवढ्यासाठीं ते बांधले जात. सामान्य वाटसरूस धर्मशाळा होती. अस्पृश्य मानलेल्या वाटसरूस तिचेंहि दार बहुधा बंद असे. तो कितीहि विद्वान् असो, त्यानें फरक पडत नसे. १९२९ सालीं याच खानदेशांत, चाळीसगांव स्टेशनावर, डॉ. आंबेडकरांस टांग्यांतून नेण्यास टांगेवाल्यांनीं नकार दिला. अखेर टांगा मिळाला, पण तो हांकण्यास बसला तो संवय नसलेला मनुष्य. नदीच्या मोरीवर अपघात होऊन डॉक्टरांस जबर दुखापत झाली. ते त्या वेळीं सरकारी समितीचे सभासद म्हणून जिल्ह्यांत आले होते, हें विशेष.

पुढें १९३७ च्या मार्चांत महाडच्या चवदार तळ्याचा निकाल मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं डॉ. आंबेडकर कोर्टाच्या कामानिमित्त धुळ्यास आले, आणि त्यांचा मुक्काम या लांडोर बंगल्यांत झाला. आज दरवर्षीं त्या दिवशीं भीमस्मृति-यात्रेसाठीं येथें मोठा जनसमुदाय लोटतो. जी वास्तु मूठभर अंमलदारांसाठीं उभारली गेली, ती अशा रीतीनें सर्व लोकांची झाली. ती लोकांस कोणीं दान दिली नाहीं. लोकांनीं आपल्या स्मरणानें ती आपलीशी केली.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी या शब्दाची व्युत्पत्ति आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. लळिंगास मात्र एका अतिथीची तिथि कायमची ठरून गेली आहे.

गडाचे बुरूज मोजणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्या घरीं या मुक्कामाच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून आल्या असतील, त्यांनीं त्या विलंब न लावतां लिहून मंडळाकडे धाडाव्या, अशी आमची विनंति आहे. दगड थांबतात, माणसें थांबत नाहींत.