रेड मेपल : बियांपासून लागवड

रेड मेपल (शास्त्रीय नाव : एसर रुब्रम, कुल : सॅपिंडेसी) हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पानझडी वृक्ष आहे. न्यूफाउंडलंडपासून फ्लॉरिडाच्या दक्षिण भागापर्यंत आणि पश्चिमेस मिनेसोटा व पूर्व टेक्ससपर्यंत तो नैसर्गिकरीत्या वाढतो. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ऱ्होड आयलंडचा हा राज्यवृक्ष. रिठा, लिची आणि चैत्राच्या सुमारास लाल पालवीने उठून दिसणारा आपला कुसुंब हे याच कुलातले. शरद ऋतूतील तांबड्या पानांमुळे त्याची कीर्ती झाली असली, तरी कळ्या, फुले, कोवळी फळे आणि पानांचे देठ यांतही तांबूस छटा असते. दलदलीच्या काठापासून कोरड्या डोंगरउतारापर्यंत तो कुठेही तग धरतो.

बियांपासून रोपे करणाऱ्याने या झाडाचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे. हिवाळा ओसरताच, पाने फुटण्याआधी फुले येतात. उत्तरेकडे मार्च-एप्रिलमध्ये, फ्लॉरिडात त्याहून बरीच लवकर. काही झाडांवर केवळ नरफुले येतात आणि अशा झाडाखाली बी शोधणे व्यर्थ. मादीफुले असलेल्या झाडांवर लांब देठांना जोडीने लटकणारी पंखधारी फळे धरतात. प्रत्येक फळाचा पंख सुमारे दीड ते अडीच सेंटिमीटर लांब असतो. ही फळे वसंताच्या अखेरीस पिकतात आणि एक-दोन आठवड्यांत वाऱ्यावर गरगरत खाली येतात. बहुतेक मेपलांचे बी शरदात पिकते. रेड मेपल आणि सिल्व्हर मेपल हे ठळक अपवाद.

शरदात पिकणाऱ्या शुगर मेपलचे बी सुप्तावस्थेत असते. ओलसर माध्यमात दोन-तीन महिने थंडी मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. त्यामुळे ‘मेपलचे बी फ्रिजमध्ये ठेवावे’ हा सल्ला सरसकट दिला जातो आणि रेड मेपलच्या बाबतीत तो बहुधा अनावश्यक ठरतो. त्याचे ताजे बी पिकताक्षणीच रुजण्यास तयार असते. ओल, ऊब आणि थोडा उजेड मिळाला, की बहुतांश बिया पंधरवड्याच्या आत अंकुरतात. मोजक्या बिया मात्र दुसऱ्या वर्षापर्यंत मातीत पडून राहतात, विशेषतः दाट सावलीत. लगेच पेरणे शक्य नसेल, तर बी सावलीत वाळवून हवाबंद डब्यात थंड जागी ठेवता येते. सिल्व्हर मेपलच्या बियांना ही सवलत नाही. त्यांतील ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला, की त्या मरतात. दोन्ही झाडे एकाच सुमारास फळत असल्याने हा फरक न ओळखणाऱ्याचे बियाणे वाया जाते.

फळांचा हिरवा-लाल रंग जाऊन ती तपकिरी होऊ लागली, की गोळा करावीत. फांदीखाली कापड अंथरून फांदी हलवली तरी पुरे. फुलोऱ्यात कडक हिमतुषार पडलेल्या वर्षी फळे फारच थोडी मिळतात. काही फळे पोकळ असतात. चार-दोन कापून आत भरीव गर्भ आहे का, हे पाहावे. पंख काढण्याची गरज नाही. स्वच्छ केलेल्या एक किलो बियाण्यात सरासरी ५१ हजारांच्या आसपास बिया भरतात. हौशी माणसाला मूठभर बीही खूप होते.

पेरणीसाठी निचरा होणारे, किंचित आम्लधर्मी माध्यम घ्यावे. चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत रोपांना मँगनीज मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकून वर पातळ माती पसरावी. माध्यम सतत ओलसर हवे, पण चिखल नको. साचलेल्या पाण्यात कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. खारी आणि उंदीर बिया उकरून खातात, म्हणून कुंड्यांवर बारीक जाळी टाकावी. अंकुरातून प्रथम दोन लांबट, अखंड बीजपत्रे बाहेर येतात आणि त्यांनंतर दातेरी कडांची खरी पाने. खऱ्या पानांची पहिली जोडी स्थिरावली, की रोप खोल कुंडीत हलवावे. चांगल्या उजेडात आणि ओलाव्यात ते पहिल्या वर्षी सुमारे ३० सेंटिमीटर वाढते. पुढील काही वर्षे वर्षाला ६० सेंटिमीटरपर्यंत. पाने गळाल्यावर कुंडीतील रोपांच्या मुळांना हिवाळ्यात गोठण्यापासून जपावे लागते, मात्र त्यांना घरात उबेला आणू नये. त्यांना थंडीची विश्रांती हवीच असते.

बी कोणत्या भागातले आहे, हे जातीइतकेच महत्त्वाचे. उत्तरेकडील बियांची झाडे कडाक्याची थंडी सोसतात. दक्षिणेकडील बियांची रोपे उत्तरेत लावली, तर ती वाढ वेळेत थांबवत नाहीत आणि त्यांचे शेंडे हिमाने जळतात. त्यामुळे जवळच्या जोमदार झाडाचे बी हे दूरच्या नामांकित बियाण्यापेक्षा श्रेयस्कर.

बीजरोपे मातृवृक्षासारखीच निघतील, ही अपेक्षा ठेवू नये. एकाच झाडाच्या संततीत कोणाची शरदातली पाने किरमिजी, कोणाची नारिंगी, कोणाची नुसती पिवळी होतात. रोपवाटिकांमध्ये मिळणारे ‘ऑक्टोबर ग्लोरी’, ‘रेड सनसेट’ हे वाण म्हणूनच शाखीय पद्धतीने वाढवतात. बीजरोपांवर केलेली कलमे काही वर्षांनी जोडाशी निकामी होण्याचा धोका असल्याने छाटकलमे अधिक भरवशाची ठरली. रेड आणि सिल्व्हर मेपल यांचा संकर निसर्गातही होतो. ‘ऑटम ब्लेझ’ हा वाण त्या संकरातला. तरीही रस्त्याकडेला एकाच वाणाच्या रांगाच्या रांगा लावण्यापेक्षा स्थानिक बीजरोपांची विविधता अधिक मोलाची आहे. ज्यांना रंगाची हमी नको, झाड हवे आहे, त्यांनी बीच पेरावे.

जंगलात हे झाड बियांच्या बळावरच पसरले. साल पातळ असल्याने पूर्वी वणव्यांनी त्याला आवर घातला होता. विसाव्या शतकात वणवे रोखले जाऊ लागले आणि सावलीत काही वर्षे तग धरणारी त्याची रोपे ओकच्या जागा व्यापू लागली. घोडे पाळणाऱ्यांनी मात्र हे झाड कुरणाजवळ लावू नये. त्याची कोमेजलेली पाने घोड्यांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात.

न्यू जर्सी किंवा टोरांटो परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वसंताच्या अखेरीस अंगणात पडलेली फळे उचलून हा प्रयोग सहज करता येईल. महाराष्ट्रातील मैदानी भागात बी रुजले, तरी थंडीची विश्रांती आणि उन्हाळी ओलावा या दोन्हींची वाण असल्याने ही लागवड शिफारसयोग्य नाही. भारतातील स्वतःच्या मेपल जाती प्रामुख्याने हिमालयात आहेत. काश्मीरचा चिनार पानांच्या आकारामुळे मेपल समजला जातो, पण तो प्लॅटॅनस प्रजातीतला असून त्याचे कुलही वेगळे आहे.